आठवी आणि नववी माळ

उजव्या पायाची नडगी दुखायला लागली तेव्हा मी ते कोणाला सांगितलं नाही. पोलीस भरतीच्या तयारीत जिला काहीच दुखत नाही अशी पोरगी मी अजून पाहिलेली नाही. कोणाचा गुडघा, कोणाची टाच, कोणाची कंबर. सगळ्या दुखतं म्हणतात आणि सगळ्या धावतात. माझं दुखणं मात्र वेगळं होतं आणि हे मला आतून कळत होतं. दमल्यावर मांड्या भरून येतात ते दुखणं पसरट असतं, गरम पाण्यानं आंघोळ केली की हलकं होतं. हे दुखणं एका बोटाखाली मावेल एवढ्या जागेवर होतं आणि बसल्या जागीही ठणकायचं. मी मोजा वर ओढून घ्यायचे आणि पुन्हा रस्त्याला लागायचे. मोज्याखाली झाकलं की ते मला नसल्यासारखं वाटायचं.

आम्ही मूळचे उमरेडचे, विणकरांचे. आजोबांपर्यंत घरात हातमाग होता. बाबा आता नागपूरला लागून असलेल्या वाडीला एका गोदामात मालाची आवक-जावक बघतात, आणि आम्ही तिथेच अमरावती रोडच्या मागच्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतो. मी एका युवा संघटनेत काम करते. काम म्हणजे पत्रकं लिहिणं, ती चौकात वाटणं, आणि ज्यांना निवेदन द्यायचं ते साहेब जागेवर नसले तर येईपर्यंत बाकावर बसून राहणं. त्या वर्षी आमची लढाई मैदानासाठी होती. आमच्या भागात धावायला एकच मैदान, आणि तेही निम्मं वर्ष कुठल्या ना कुठल्या मंडपाखाली. लग्नं संपली की गणपती, गणपती संपले की गरब्याचे बांबू उतरलेच. मग भरतीच्या पोरापोरींनी धावायचं कुठे? रस्त्यावर. आणि नागपुरात रस्ता म्हणजे आता सिमेंट, गल्लीबोळातसुद्धा सिमेंट. त्यावर पाय पडला की धक्का खाली जिरत नाही, सरळ हाडात वर येतो. एका बाजूनं ट्रक, दुसऱ्या बाजूनं नाली, मध्ये आम्ही. ‘मैदान पोरांचं की मंडपाचं?’ हे पत्रक मीच लिहिलं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य मी आज मागे घेणार नाही.

देवाशीही माझं असंच होतं. आई देवीची भक्त, तिच्या मागे मागे मी देवळात जायचे, पण आई डोळे मिटून नुसती उभी राहायची आणि मी उभी राहायचे ती मागण्या घेऊन. विषय, पार्श्वभूमी, मागणी क्रमांक एक, मागणी क्रमांक दोन. आणि शेवटी, आम्ही प्रत्येक निवेदनाखाली लिहितो तेच: दखल न घेतल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल. हा विनोद नाही. मी खरंच अशी प्रार्थना करायचे, मला दुसरी येत नव्हती. देवी आहे की नाही याची मला खात्री होती असंही नाही. पण साहेब आत आहेत की नाहीत हे माहीत नसतानाही आपण निवेदन देऊन येतोच ना, त्यातलाच तो प्रकार.

नवरात्राच्या तोंडावर मैदानी चाचणीच्या तारखा लागल्या. माझी तारीख दिवाळीनंतरची होती. धावायचं अंतर फक्त आठशे मीटर, पण त्या आठशे मीटरवर माझं सगळं उभं होतं. त्यापुढची भरती कधी निघेल आणि तेव्हा मी वयात बसेन की नाही, हे सांगणारा कोणी नव्हता. आणि नेमकी तेव्हाच नडगी रोज थोडी जास्त बोलायला लागली होती.

नवरात्राचे नऊ दिवस चप्पल न घालणारी माणसं नागपुरात पावलोपावली दिसतात. ऑफिसात, कॉलेजात, बँकेच्या रांगेत उघडे पाय दिसले तरी कोणी काही विचारत नाही. मीही तेच धरलं. पण मनात माझ्या व्रत वगैरे नव्हतं. मी देवीच्या दारात उपोषणाला बसल्यासारखी बसले होते: मी नऊ दिवस अनवाणी राहते, सातव्या माळेला कोराडीला तुझ्या देवळापर्यंत चालत येते, आणि तू मला चाचणीत पास कर. आईला कळल्यावर ती म्हणाली, “मंग नऊ दिवस धावणं सोड.”

“धावणं कसं सोडू? चाचणी आहे.”

“तं मंग नवस सोड.”

मी दोन्ही सोडलं नाही. धावताना तेवढे बूट घालायचे आणि बाकी वेळ अनवाणी राहायचं, असं शीतलनं सुचवलं होतं. शीतल माझ्यासोबत तयारी करणारी, आमच्याच गल्लीतली. मला ती पळवाट वाटली. उपोषणाला बसून मंडपाच्या मागे समोसे खाणारे पुढारी मी जवळून पाहिलेले आहेत. मला त्यांच्यासारखं व्हायचं नव्हतं, देवीसमोर तर नाहीच. म्हणून पहिल्या माळेपासून मी सिमेंटच्या रस्त्यावर अनवाणी धावले, दुखऱ्या नडगीनं. आमची तयारी घेणारे सर फौजेतून आलेले. त्यांनी पाहिलं आणि सरळ सांगितलं, बूट घाल नाहीतर घरी जा. मी घरी गेले नाही. ते दिसणार नाहीत अशा रस्त्याला जाऊन धावले. पाचव्या माळेपासून रात्री पाय उशीवर घेतला तरी आत काहीतरी टिकटिक करायचं. मला वाटायचं, दुखतंय म्हणजे पोहोचतंय.

सातव्या माळेला उजाडता उजाडता शीतल आणि मी वाडीहून निघालो. दाभा, काटोल नाका, गोरेवाडा करत मानकापूरला कोराडी रोड गाठायचा आणि मग सरळ उत्तरेला. रस्त्यावर आमच्यासारखे पुष्कळ लोक होते. कोणी लेझीम घेऊन, कोणी मोबाइलवर आरती लावून, कोणी कडेवर लेकरू घेऊन. बाजूला मंडळांचे मंडप, त्यात चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी. एका मंडपात तर गरम पाण्याच्या पातेल्यात पाय बुडवून बसायची सोय होती. शीतल म्हणाली बसू. मी म्हटलं येताना बसू. मी थांबले असते तर पुन्हा उठता आलं नसतं हे मला माहीत होतं, आणि शीतललाही असावं, कारण ती पुढे चालू लागली.

मानकापूर ओलांडून थोडं पुढे गेल्यावर मी एक पाऊल टाकलं आणि नडगीत काहीतरी सुटलं. आवाज झाला नाही. पण पाय माझा राहिला नाही एवढं कळलं. मी रस्त्याच्या कडेला बसले ते बसलेच. शीतल ऑटो बघायला लागली, पण त्या बाजूनं पायी येणाऱ्यांची गर्दी, ऑटो येणार कुठून. जाणारे येणारे चांगलेच होते. कोणी पाणी दिलं, कोणी हळद लावा म्हणालं, एक पोरगा म्हणाला, “ताई, उठा, थोडंच राहिलं, देवी बोलावून राहिली.” मी खरंच उठायला गेले. डोळ्यांसमोर अंधारी आली आणि पुन्हा बसले. आणि बसल्या बसल्या मी देवीला मनातल्या मनात वाटेल ते बोलले. सात दिवस झाले, एक शब्द मोडला नाही, आणि तू मला दारापर्यंतही येऊ दिलं नाहीस. साहेब लोक निदान निवेदनावर पोच तरी देतात.

तेवढ्यात पलीकडच्या बाजूनं, म्हणजे खापरखेड्याकडून नागपुरात जाणाऱ्या रस्त्यावर, एक स्कूटी थांबली. पन्नाशीची बाई. जांभळी जरीची साडी, केसांत गजरा, पायात सोनेरी खड्यांच्या चपला. साडी गुडघ्यापर्यंत वर धरून ती दुभाजक ओलांडून आमच्याकडे आली.

“काय झालं वं?”

“पाय मुरगळला हिचा,” शीतल म्हणाली.

“मुरगळला? तोंड पाह्य तिचं, पांढरं पडलं.” तिनं माझ्या नडगीवर अंगठा टेकवला. मी ओरडले. “हे मुरगळलं नाही. चाल, बस गाडीवर, दवाखान्यात सोडते.”

“मला कोराडीला जायचं आहे.”

“कशी जाशीन? लंगडी घालत?”

“नवस आहे.”

“कोनाचा?”

“माझाच.”

“मंग तं सोपं आहे. तूच बोलली, तूच थांबव.”

“असं थांबवता येत नाही. नऊ दिवसांचं अनवाणी बोलले आहे. आज सातवी माळ.”

बाईनं कमरेवर हात ठेवून शीतलकडे पाहिलं. “बाप्पा! घरी बी अशीच आहे का वं ही?”

“याच्याहून जास्त,” शीतल म्हणाली.

बाईनं आपल्या चपला काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. “घाल.” मी मान हलवली. एव्हाना ऊन वर आलं होतं, ऑक्टोबरचं नागपूरचं ऊन. तिच्या पायाला रस्त्याचा चटका बसला आणि तिनं एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवला. “माय वं, तापला ना रस्ता! अन् तू यावर चालून राहिली?” मग तशीच एका पायावर उभी राहून ती म्हणाली, “किती राहिले? आठवी अन् नववी माळ. दोनच ना? दे मले. मी करते.”

“असं कसं देता येईल?”

“काहून नाही? माह्या सासूनं बोललेले सोमवार ती गेल्यावर मीच फेडले. देवीले उपास पोहोचला. कोनाच्या पोटातून गेला ते काही तिनं पाह्यलं नाही. आतापासून मी अनवाणी. तू चपला घाल.”

“पण तुम्ही तर कार्यक्रमाला चाललात.”

“भाचीचं साक्षगंध आहे. साडी खालपर्यंत आहे, कोनाले दिसते पाय? अन् दिसले तं सांगीन, नवस आहे. खोटं थोडीच आहे? चाल आता, तिकडे पोरीचा मामा तोंड फुगवून बसला असन.”

मी त्या चपला घातल्या. त्या मला मोठ्या होत्या. दुखऱ्या पायात तर नुसती अडकवली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला कृतज्ञता वगैरे काही वाटली नाही, राग आला होता. माझ्या नवसाचा निर्णय माझ्याशी चर्चा न करता झाला होता. पण रागवायलाही अंगात बळ लागतं. दोघींनी मला धरून दुभाजक ओलांडला, आणि पोलीस व्हायला निघालेल्या आम्ही दोघी त्या बाईच्या मागे ट्रिपल सीट बसून, उलट्या दिशेनं, नागपुरात आलो. तिचा अनवाणी पाय स्कूटीच्या फळीवर होता, नखांना नवी लाल नेलपॉलिश. मला तेवढंच आठवतं.

दवाखान्यात तिनं चाकाची खुर्ची मागवली, आत डॉक्टर आहेत याची खात्री केली, आणि तोवर तिचा फोन वाजतच होता. “आली, आली, चौकातच आहे,” ती प्रत्येक वेळी सांगायची. मला आत नेताना मी म्हटलं, “काकू, तुमच्या चपला.” ती अर्ध्या वाटेतून वळली. “माह्याजवळ दुसऱ्या आहेत. तू फक्त पाय सांभाळ. मी त्या पायासाठी चालून राहिली, एवढं ध्यानात ठेव.” आणि फरशीवरून, मग बाहेरच्या गिट्टीवरून, बोटं आखडून चालत गेली. नाव आम्ही विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

नडगीच्या हाडाला तडा गेला होता. आरपार गेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं चालली असतीस तर गेला असता, मग ऑपरेशन आणि आत सळई. पाय जमिनीला टेकवायचा नाही, कुबड्यांवर राहायचं, आणि पुढचं पुढे बघू. चाचणीचं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फाइल मिटली.

घरी आईनं सगळं ऐकलं आणि हात जोडले. “देवीच आली होती.”

मी म्हटलं, “देवीला भाचीचं साक्षगंध असतं का?”

“तुले काय माहीत? असन.”

आईशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नसतो. माझ्या लेखी ती खापरखेड्याकडची एक बाई होती, घाईत होती, आणि तरी थांबली. ती कोण होती याबद्दल मला आजही यापेक्षा जास्त काही म्हणायचं नाही. पण पुढचे दोन दिवस खाटेवर पडल्या पडल्या माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. आता ती भाजी आणायला गेली असेल, अनवाणी. आता गच्चीवर कपडे वाळत घालत असेल, अनवाणी, भर दुपारी. की साखरपुड्याहून घरी जाताच पायांत स्लिपर अडकवून ती सगळं विसरून गेली? एका हट्टी पोरीला गाडीवर बसवण्यापुरतंच ते बोलणं होतं का? पुरावा मागणं हे माझं कामच आहे. शीतल म्हणालीही, खापरखेड्याला जाऊन विचारू, जांभळी साडी, त्या दिवशी भाचीचं साक्षगंध, सापडेल ती. मी नको म्हटलं. का नको, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. नववी माळ उलटली त्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, झाला नवस पूर्ण. आई म्हणाली, हो. आम्ही दोघीही ते असं बोललो जणू आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यानंतरचे आठवडे वाईट होते. धावणाऱ्या माणसाला पळायची शिक्षा देता येत नाही, बसायची देता येते. बगलेत कुबड्यांचे घट्टे पडले. पिंढरी रोज थोडी आत जाताना दिसायची, जणू कोणी हवा काढतंय. मी खाटेवरून पत्रकं लिहिली. ती इतकी जहाल झाली की संघटनेतल्यांनी छापली नाहीत. मला सगळ्यांचा राग होता: ज्यांनी मैदान मंडपाला दिलं त्यांचा, ज्यांनी गल्लीत सिमेंट ओतलं त्यांचा, माझा, आणि देवीचा. फक्त त्या बाईचा राग धरता येत नव्हता. प्रयत्न करूनही नाही. ती मध्येच एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवायची आणि माझं सगळं भाषण तिथे थांबायचं.

दिवाळीनंतर कुबड्या सुटल्या. मी चालायला लागले, आधी भिंत धरून, मग तशीच. डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला आणि सांगितलं, सांधलं आहे पण कच्चं आहे. चाल. धावू नकोस. धावलीस तर या वेळी आरपार. चाचणी चार दिवसांवर होती. तयारीतल्या एका पोरीनं मला गोळ्यांचं पाकीट आणून दिलं. “दोन घे. आठशे मीटरपर्यंत काही म्हणता काही कळत नाही. मी मागच्या वेळी तशीच धावली.” मी पाकीट घेतलं. आईला सांगितलं, शीतलला सोडायला जाते. आईनं डबा दिला आणि माझ्या पायाकडे पाहिलं.

मैदानाच्या फाटकाबाहेर पोरींची रांग होती. मी धावायचेच कपडे घालून आले होते, वर आईचा स्वेटर. हॉल तिकीट हातात, गोळ्या मुठीत, पाण्याची बाटली बगलेत. आत पहिल्या गटाची शिटी वाजली आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण त्या आवाजासाठी मी कित्येक दिवस पहाटे उठले होते. मी पाकिटातून दोन गोळ्या काढल्या. हिशेब माझा तयार होता: पाय माझा, नवस माझा, दुखणं माझं, मोडला तर माझाच मोडेल. कोणाचं काय जातं?

आणि तिथे मला अडायला झालं. सात माळा माझ्या होत्या, त्या मी कशाही उधळल्या असत्या तरी प्रश्न नव्हता. पण आठवी आणि नववी माझ्या नव्हत्या. त्या एका परक्या बाईनं केल्या होत्या, किंवा केल्या नव्हत्या, मला माहीत नव्हतं. पण मी त्या झाल्या असं धरलं होतं. आणि तिनं त्या दोन दिवसांत माझ्यासाठी नोकरी मागितली नव्हती. चाचणीत पास कर असंही म्हटलं नव्हतं. तिनं फक्त पाय मागितला होता. तो तिला मिळाला होता. सांधलेला, कच्चा, पण मिळाला होता. मी आता तो मोडायला निघाले होते. त्या फाटकाशी मला पहिल्यांदा कळलं की हा पाय एकट्या माझा राहिलेला नाही. कोणीतरी तापल्या रस्त्यावर उभं राहून तो मागून घेतलेला आहे, आणि देणाऱ्यानं तो दिलेला आहे. त्यात मला आता मत नाही.

मी रांग सोडली. फाटकावरच्या महिला शिपायानं विचारलं, “काय झालं? पोटात दुखते का?”

“नाही. पाय.”

“आली आहेस तं धावून पाह्य ना. एवढी तयारी केली असन.”

“नाही ताई,” मी म्हटलं. “नाही धावत.” एवढे चार शब्द बोलायला मला जेवढा दम लागला तेवढा आठशे मीटरलाही लागला नसता. गोळ्या नालीत टाकल्या. कंपाउंडच्या जाळीला नाक लावून शीतलचा गट पाहिला आणि घसा बसेपर्यंत तिच्या नावानं ओरडले. ती चांगली धावली. मग भिंतीच्या सावलीत बसून आईचा डबा उघडला आणि पोळीचा घास तोंडात असताना रडायला आलं. पडले तेव्हा, तडा कळला तेव्हा, एकदाही रडले नव्हते. आता थांबेचना. पण ते हरल्याचं रडणं नव्हतं. कित्येक महिने मी मुठी आवळून उभी होते आणि कोणीतरी एक एक बोट सोडवत होतं, तसं ते होतं.

त्यानंतर जे झालं त्याला मी प्रशिक्षणच म्हणते, कारण ते धावण्याहून कठीण निघालं. जमिनीवर टॉवेल पसरायचा आणि पायाच्या बोटांनी तो आपल्याकडे गोळा करायचा. ऐकायला हसू येतं, करताना घाम येतो. दात घासताना एका पायावर उभं राहायचं. पायरीच्या कडेवर टाचा खाली सोडायच्या आणि हळूहळू वर उचलायच्या, पिंढरी जळेपर्यंत. फिजिओथेरपीच्या ताईनं एक गोष्ट शिकवली: जे दुखणं पसरतं आणि दुसऱ्या दिवशी जातं त्याला घाबरायचं नाही, आणि जे एका बोटाखाली मावतं त्याच्याशी हुज्जत घालायची नाही, थांबायचं. मग पहिल्यांदा धावायची परवानगी मिळाली ती एक मिनिट. एक मिनिट धाव, चार मिनिटं चाल. वाडीच्या मागे एक पडीक शेत आहे, तिथली माती मऊ आहे. तिथे मी एक मिनिट धावायचे आणि थांबायचे. अंगात आणखी धावायचं बळ असताना थांबायचे. शाळेतली पोरं बघून हसायची. आधीची मी असते तर त्यांना दोन शब्द ऐकवले असते. आता मी घड्याळ बघून थांबायचे आणि चालायला लागायचे.

शरण जाणं हा शब्द मला पूर्वी सहन व्हायचा नाही. तो मला हात टेकणाऱ्यांचा शब्द वाटायचा, आणि आमच्या पत्रकांत तो फक्त दुसऱ्यांना शिवी म्हणून यायचा. आता मला त्यातलं थोडंसं कळतं. मैदानाची मागणी मी सोडलेली नाही. त्यासाठी परवाच पुन्हा बाकावर बसून आले, साहेब जागेवर नव्हते. देवीवर सोडलं म्हणून नगरसेवकाला सोडलं असं होत नाही. पण जे मागून, ओरडून, अडून बसून मिळतं ते एक, आणि जे नुसतं येतं, आपण तोंड फिरवून बसलेलो असतानाही येतं, ते वेगळं. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टीला अटी घालता येत नाहीत. ती फक्त सांभाळता येते. मी मागितलं होतं त्यातलं देवीनं मला काही दिलं नाही. मी जे मागायलाच विसरले होते ते दुसऱ्याकडून मागवून घेतलं आणि दिलं. याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं आपलं ठरवावं. मी एवढंच सांगते की असं झालं.

नवी भरती अजून निघालेली नाही. निघाली तर मी वयात बसते की नाही ते जाहिरात आल्यावर कळेल. आज सकाळी त्या शेतात मी पहिल्यांदा सलग आठशे मीटर धावले, बूट घालून. वेळ चांगली नव्हती, शीतल माझ्या कितीतरी आधी पोहोचली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “ये वं म्हातारे, ये.” छाती जळत होती, मांड्या थरथरत होत्या, पण नडगी गप्प होती. मी गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेतला. मग आणखी वाकून नडगीला, त्या एका बोटाच्या जागेला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. कोणाला नमस्कार केला, देवीला की त्या बाईला, हे मी ठरवलं नाही.